कारवीच्या बहराची वाट पाहणारे धर्मगुरू : फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव

भोर आणि वेल्हे तालुक्यांत कारवी हे झुडूप ठाऊक नसलेला माणूस विरळाच. तोरणा, राजगड आणि रोहिडा यांच्या उतारांवर, वरंध घाटाच्या कडेने आणि नीरा, वेळवंडी, गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत ती दाटीने उगवते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड विणून, त्यांवर शेणमातीचा लिंपा देऊन आपल्या वाडवडिलांनी घरे उभी केली. तरीही या ओळखीच्या झुडपाविषयी लहान मूल जे साधे प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे आपल्यापैकी फारच थोड्यांना देता येतील. ती दरवर्षी का फुलत नाही? फुलते तेव्हा सारा डोंगर एकदम का फुलतो? फुलून गेल्यावर ती वाळते का? आणि वाळली, तर पुढच्या पावसाळ्यात नवी रोपे येतात कोठून?

अशा साध्या प्रश्नांसाठी आपले आयुष्य वेचणारा एक कॅथोलिक धर्मगुरू आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. येशूसंघाचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे त्यांचे नाव. भोरला लागूनच असलेल्या पुरंदरच्या किल्ल्यावर ते बारा वर्षांच्या काळात वनस्पतींच्या शोधात जात राहिले आणि तेथील प्रत्येक फुलझाडाची नोंद करून त्यांनी एक ग्रंथ सिद्ध केला. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी त्यांना आजही ओळखतात. आपल्या धर्मग्रामांत मात्र त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही. ही उणीव थोडी तरी भरून निघावी, या हेतूने आम्ही त्यांचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जन्म आणि शिक्षण

फादर सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेन देशातील तारागोना प्रांतात ला गालेरा या गावी झाला. हा प्रदेश भूमध्य सागराच्या काठचा, ऑलिव्ह आणि द्राक्षांचा. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. रोम येथील ग्रेगोरियन विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला.

त्या काळी मुंबई मिशनची जबाबदारी स्पेनमधील येशूसंघीयांकडे आलेली होती. पूर्वी हे काम जर्मन भाषिक येशूसंघीय पाहत असत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्यापैकी अनेकांना भारत सोडावा लागला आणि १९२० नंतरच्या दशकात स्पेनमधून नवे मिशनरी येऊ लागले. इतिहास संशोधक फादर हेन्री हेरास हे त्यांच्यापैकीच एक होत. फादर सांतापाव हेही याच ओघाने भारतात आले आणि भारताचेच झाले.

वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि तेथेच डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर काही काळ त्यांनी लंडनजवळील क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात संशोधन केले. जगाच्या कानाकोपऱ्यांतून आणलेले वाळवलेल्या वनस्पतींचे लक्षावधी नमुने क्यू येथे जपून ठेवलेले आहेत. इंग्रजी अमदानीत भारतातून नेलेले नमुनेही तेथे आहेत. एखादे भारतीय झाड नेमके कोणते, हे ठरवताना त्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागते. त्यामुळे तेथे घालवलेला काळ फादरांना पुढे जन्मभर उपयोगी पडला.

झेवियर महाविद्यालय आणि वनस्पतींचा संग्रह

१९४० साली फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांच्याआधी एका थोर व्यक्तीने पाया घातलेला होता. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या महाविद्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. ताड-माड, नेचे, गवते अशा नाना प्रकारच्या वनस्पतींवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १९३४ साली ते प्रभूघरी गेले. त्यांनी उभारलेला संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो. ही परंपरा फादर सांतापाव यांनी पुढे चालवली.

हर्बेरियम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. रानात गेलेला अभ्यासक वनस्पतीची फुलाफळांसह एक डहाळी घेतो. ती कागदांच्या घड्यांत ठेवून दाबली जाते. ओल शोषून घेणारे ते कागद वरचेवर बदलावे लागतात, नाहीतर पाने काळी पडतात आणि बुरशी धरते. पावसाळ्यात हे काम अतिशय जिकिरीचे होते. डहाळी वाळली की ती जाड कागदावर चिकटवतात आणि खाली चिठ्ठी लावतात. कोठे मिळाली, किती उंचीवर, कोणत्या तारखेस, कोणी आणली, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. फुलाचा रंग आणि वास वाळल्यावर टिकत नाही, म्हणून तो जागेवरच टिपून ठेवावा लागतो. चिठ्ठी नसेल तर डहाळी म्हणजे नुसता पालापाचोळा. चिठ्ठी असेल तर तोच शंभर वर्षे टिकणारा पुरावा ठरतो.

पण एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना झाडे ओळखता येतातच की! येतात, हे खरे. परंतु एकाच नावाची दोन झाडे असली म्हणजे घोटाळा होतो. कुड्याचेच उदाहरण घ्या. पांढऱ्या कुड्याची साल आव आणि अतिसार यांवर औषध म्हणून वापरली जाते. काळा कुडा हे दुसरेच झाड. दोघांची फुले पांढरी आणि दोघांनाही चीक येतो, पण औषधी गुण मात्र सारखे नाहीत. बाजारात एकाच्या सालीत दुसऱ्याची साल मिसळली जाते, हे वैद्यांना चांगले ठाऊक आहे. शेंगा पाहिल्या तर फरक कळतो. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली असतात. आजाऱ्याला योग्य औषध मिळणे न मिळणे अशा बारीक खुणेवर अवलंबून असते. वनस्पतीला नेमके नाव देणे आणि तिची खूण लिहून ठेवणे हा केवळ विद्वानांचा छंद नाही, हे यावरून ध्यानात येईल.

खंडाळा आणि पुरंदर

आपल्या भागातील वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी लिहिला. कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. सिंधपासून कानडी मुलखापर्यंत पसरलेल्या इलाख्याचा आढावा एका ग्रंथात घ्यायचा म्हणजे प्रत्येक डोंगराकडे बारकाईने पाहणे शक्यच नव्हते. एखादी वनस्पती घाटावर मिळते, एवढेच त्यातून पुष्कळदा समजते. ती त्या डोंगराच्या कोणत्या अंगाला वाढते, कोणत्या महिन्यात फुलते, दरवर्षी दिसते की नाही, हे कळायचे तर एकच डोंगर धरून बसावे लागते.

फादर सांतापाव यांनी नेमके हेच केले. त्यांनी दोन ठिकाणे निवडली, खंडाळा आणि पुरंदर. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पुरंदरवरील ग्रंथ १९५८ साली दिल्लीहून प्रसिद्ध झाला. १९४४ ते १९५६ या काळात पुरंदरवर आढळलेल्या सर्व सपुष्प वनस्पतींची त्यात गणना आहे.

ही बारा वर्षे वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावीत. पुरंदरचा किल्ला सुमारे साडेचार हजार फूट उंचीचा आहे. चांगला चालणारा माणूस एका दिवसात तो पाहून खाली उतरतो. मग इतकी वर्षे का लागली? कारण डोंगर एका दिवसात दिसतो, पण डोंगराचे वर्ष एका दिवसात दिसत नाही. मे महिन्यात जो माथा उघडाबोडका आणि करपलेला दिसतो, त्याच माथ्यावर पहिल्या वळवानंतर आठ-दहा दिवसांत कोंब फुटतात. ही जादू नव्हे. फोडशी, रानहळद, शेवळ, कळलावी, नाना जातींची आमरे या साऱ्यांचे कंद किंवा गड्डे जमिनीखाली जिवंत असतात. गेल्या पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न त्यांत साठवलेले असते. वरचा भाग वाळतो, खालचा विसावा घेतो, आणि ओल लागताच त्याच शिदोरीवर नवा कोंब वर येतो. शेवळाचे फूल पानाच्या आधी येते ते याचमुळे. त्याला त्या घडीला पानाच्या कमाईची गरजच नसते.

यांतील काही फुले पंधरा-वीस दिवसच दिसतात. जूनमध्ये गेलेल्यास सप्टेंबरचे फूल दिसत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्यास दोन्ही दिसत नाहीत. घाटमाथ्यावरील बहुसंख्य लहान वनस्पती पावसाळ्यात फुलतात. अभ्यासकाच्या दृष्टीने अवघड असलेला, वाट निसरडी होण्याचा आणि कागद भिजण्याचा तोच काळ. म्हणून एकाच डोंगरावर वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या वर्षी परत परत जाणे हाच यावर उपाय.

पुरंदरचे स्थानही विचार करण्याजोगे आहे. पश्चिमेकडे वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. भोरवरून पूर्वेकडे येता येता तो उणावत जातो आणि सासवडच्या पलीकडे कोरडा मुलूख सुरू होतो. पुरंदर या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ओलाव्यात वाढणारी घाटावरची झाडे आणि कोरड्यात तगणारी देशावरची झाडे यांची गाठ अशा डोंगरावर पडते. त्यामुळे पुरंदरविषयी लिहिलेले बरेच काही भोर आणि वेल्हे येथील माणसाला आपल्या घरचेच वाटेल.

कारवीचे कोडे

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. कारवी ज्या कुळात मोडते, त्याच कुळात अडुळसा आणि कोरांटीही येतात. या कुळातील मुंबई प्रांतातील वनस्पतींवर फादर सांतापाव यांनी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तो १९५१ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. पुढे १९६२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कारवीचे कूळ आणि बांबू यांच्या एकसमयी बहरण्याविषयी लेख लिहिला.

कारवीची हकिकत थोडक्यात अशी. बी रुजल्यावर सहा-सात वर्षे ती फक्त वाढते. दर पावसाळ्यात पाने फुटतात आणि उन्हाळ्यात झुडूप रखरखीत काड्यांसारखे दिसते. मग सातव्या किंवा आठव्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, त्या डोंगरावरील बहुतेक सारी कारवी एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जाते. मधमाश्यांची झुंबड उडते आणि कारवीचा मध गोळा होतो. फळे धरली की झुडूप वाळते आणि मरते. वाळलेली फळे मात्र काडीवरच राहतात. पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला की ओल लागून ती तडतड आवाज करीत फुटतात आणि आतले बी दूर फेकले जाते. म्हणजे बी नेमके रुजण्याच्या घडीलाच मातीत पडते. मातेने मरताना लेकरांची सोय करून ठेवावी, तसेच हे आहे.

सगळी झुडपे एकदम का फुलतात? याचे एक उत्तर शास्त्रज्ञ असे देतात की, थोडे थोडे बी दरवर्षी आले असते तर किडे, पाखरे आणि उंदीर यांनी ते सगळेच फस्त केले असते. एकाच वर्षी अमाप बी आले की खाणारे खाऊन खाऊन थकतात आणि उरलेले रुजते. शिवाय सभोवार सारीच फुले उमललेली असल्यामुळे मधमाश्यांकडून परागीकरणही चांगले होते. आठ वर्षे मोजणारे घड्याळ त्या झुडपाच्या आत कसे चालते, याचा पूर्ण उलगडा मात्र शास्त्राला अद्याप झालेला नाही. सगळ्या डोंगरांचे वर्षही एकच नसते. मुंबईतील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी कारवीचा बहर आला. दुसऱ्या डोंगरावरील पाळी वेगळी असू शकते.

आता असा विचार करा. एखादा विद्वान परदेशातून आला, दोन वर्षे राहिला आणि कारवी पाहून परत गेला. त्याने प्रामाणिकपणे लिहिले असते की, या झुडपाला फुले येत नाहीत. त्याने डोळ्यांनी पाहिलेलेच लिहिले असते, तरी ते चुकीचे ठरले असते. ज्याला आठ वर्षे थांबता येते त्यालाच कारवीविषयी खरे काही सांगता येते. फादर सांतापाव यांच्या साऱ्या कार्याचे मर्म आम्हांस यातच दिसते. त्यांच्यापाशी विद्वत्ता होतीच, पण त्याहून मोठा होता तो त्यांचा परत परत येण्याचा नेम.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बांबूच्याही अनेक जाती दीर्घ काळाने एकदमच फुलतात आणि मरतात. मिझो डोंगरातील एका जातीचा बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो. त्याच्या बियांवर उंदीर पोसले जातात, त्यांची संख्या भरमसाट वाढते आणि बी संपले की त्या टोळ्या शेतांवर आणि कणग्यांवर तुटून पडतात. १९५९ च्या सुमारास तेथे असाच बांबू फुलला आणि त्यामागून दुष्काळ आला. लोकांवर उपासमारीची वेळ आली आणि त्या असंतोषातून पुढे मोठी राजकीय उलथापालथ झाली. फादरांचा लेख त्यानंतर थोड्याच वर्षांनी प्रसिद्ध झाला. एखादे झाड केव्हा फुलते, हा प्रश्न वरकरणी बालिश वाटतो. पण त्याचे उत्तर ठाऊक असणे न असणे यावर माणसांच्या ताटातला घास अवलंबून असतो. पुढे २००७ च्या सुमारास मिझोराममध्ये तो बांबू पुन्हा फुलला, तेव्हा त्याची चाहूल आधीच लागलेली होती. कोणीतरी पूर्वीच्या बहराची वर्षे टिपून ठेवली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

कंदीलपुष्पाची युक्ती

फादरांचे दुसरे आवडते क्षेत्र म्हणजे रुई आणि अनंतमूळ यांच्या जातकुळीतील वनस्पती. नोशिर इराणी या सहकाऱ्यासह त्यांनी या गटावरील ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध केला. आपल्या घाटमाथ्यावर आढळणारे कंदीलपुष्प याच गटातले. त्याचा कंद खाण्याजोगा असतो आणि म्हणून गुराखी मुले तो खणून खातात.

कंदीलपुष्पाचे फूल म्हणजे एक उभी नळी. वरच्या बाजूस पाकळ्यांची टोके जुळून छोटा कंदील तयार होतो. वासाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या नळीत उतरतात. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येते पण वर येता येत नाही. माशी आत धडपडत असताना परागांच्या पिशव्या तिच्या अंगाला चिकटतात. काही काळाने केस कोमेजतात आणि माशीची सुटका होते. ती दुसऱ्या फुलात शिरते आणि परागीकरण घडते. फुलाने माशीला कोंडले, पण मारले नाही. आपले काम करवून घेऊन सोडून दिले. या वनस्पतीच्या एका जातीला संशोधकांनी सेरोपेजिया सांतापावी असे नाव देऊन फादरांचा गौरव केला आहे.

देशकार्याची हाक

देश स्वतंत्र झाल्यावर भारत सरकारने १८९० पासून अस्तित्वात असलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची नव्याने उभारणी करण्याचे ठरवले. १९५४ साली फादर सांतापाव यांची मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी या संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात सुरू झाले आणि ते आजही कार्यरत आहे. १९६१ पासून १९६७ पर्यंत फादर या संस्थेचे संचालक होते. संस्थेचे मुख्यालय कलकत्त्यास असल्यामुळे त्यांना मुंबई सोडून तेथे जावे लागले.

स्पेनमध्ये जन्मलेला एक कॅथोलिक धर्मगुरू स्वतंत्र भारताच्या एका राष्ट्रीय संस्थेचा प्रमुख झाला, ही गोष्ट आजही विचार करावयास लावते. ते परदेशी म्हणून आले होते, परंतु पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. मिशनरी म्हणजे बाहेरचा माणूस, असा समज त्या काळीही होता आणि आजही अधूनमधून डोके वर काढतो. फादर सांतापाव यांनी त्यावर वाद घातला नाही. या मातीत काय उगवते, याची त्यांनी इतक्या निष्ठेने नोंद केली की, या मातीशी त्यांचे नाते कोणालाही नाकारता येऊ नये.

धर्मगुरूने झाडाझुडपांत वेळ घालवावा काय, असाही प्रश्न काही भाविकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, निर्मात्याच्या निर्मितीकडे आदराने आणि खरेपणाने पाहणे हाही उपासनेचाच एक प्रकार आहे. शुभवर्तमानात प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे लक्ष रानातील फुलांकडे वेधले होते, हे आपण जाणतोच. मात्र खरेपणाने पाहणे म्हणजे जे दिसले नाही ते न लिहिणे आणि जे दिसले ते न लपवणे. ही शिस्त वेदीवर जितकी आवश्यक, तितकीच प्रयोगशाळेतही. फादर सांतापाव यांच्या जीवनात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनात ते पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचे सहकारी होते. एक मुस्लिम घराण्यातील पक्षितज्ज्ञ आणि एक येशूसंघीय वनस्पतितज्ज्ञ, दोघे मिळून भारताच्या पाखरांची आणि झाडांची चोपडी राखीत होते, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते. विद्वानांसाठी एवढे लिहूनही त्यांनी सामान्य वाचकाला दूर ठेवले नाही. आपल्या भोवतालच्या नेहमीच्या झाडांची ओळख करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली प्रसिद्ध केले. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

१३ जानेवारी १९७० रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, फादर सांतापाव यांनी इहलोकीची यात्रा संपवली. भारतातील सपुष्प वनस्पतींचा कोश ए. एन. हेन्री यांच्यासह त्यांनी सिद्ध केला होता. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ साली, छापून बाहेर आला. कारवीप्रमाणेच त्यांचेही काही बी त्यांच्या पश्चात मातीत पडले.

आपल्यासाठी बोध

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. नावे बदलतील, रस्ते रुंद होतील, डोंगरांच्या पायथ्याशी बंगले उभे राहतील. या बदलांत जुने डोंगर आणि त्यांवरील झाडे यांचे काय होणार, याची चिंता वाटते. दर उन्हाळ्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर वणवे पेटतात. जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते, असा समज त्यामागे पुष्कळदा असतो. परंतु वणव्याला गवत आणि रोप यांतील फरक कळत नाही. कारवीसारखी वनस्पती आयुष्यात एकदाच फुलते. ती पाचव्या-सहाव्या वर्षी समूळ नाहीशी झाली, तर तिचे बी कधीच पडत नाही. जे झुडूप तीव्र उतारांवरची माती धरून ठेवते, ते गेले की मातीही जाते आणि पुढे खालच्या भातखाचरांचे नुकसान होते.

फादर सांतापाव यांनी पुरंदरची जी यादी केली, तिचे मोल आज अधिकच वाढले आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी त्या डोंगरावर काय काय होते, हे त्या यादीमुळे निश्चित सांगता येते. काय उरले आणि काय गेले, हे आज ताडून पाहता येते. ज्या डोंगरांची अशी यादी झाली नाही, तेथून एखादी वनस्पती नाहीशी झाली तरी कोणाला कळणारही नाही.

म्हणून आमची वाचकांना, विशेषतः आपल्या तरुण-तरुणींना आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील बालकांना, एक साधी विनंती आहे. आपल्या गावाजवळचा एखादा डोंगर किंवा ओढ्याचा काठ निवडावा. एक वही करावी. कोणते झाड कोणत्या तारखेस फुलले, एवढेच तीत लिहावे. आजी-आजोबांना त्या झाडाचे नाव आणि उपयोग विचारून तोही टिपावा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जावे, आणि त्यापुढच्या वर्षीही. कारवी ज्या वर्षी फुलेल ते वर्ष तर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे, कारण पुढचा बहर येईल तेव्हा आजची मुले सात-आठ वर्षांनी मोठी झालेली असतील आणि ती वही दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावयाची असेल.